रक्त दोघांचं काढायचं

प्रश्न: सिस्टर, माझं वय ३१, नवऱ्याचं ३४. लग्नाला पाच वर्षं झाली. तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा सातव्या ते नवव्या आठवड्यात गेलं. दोनदा सोनोग्राफीत ठोके आलेच नाहीत, एकदा येऊन थांबले. शेवटच्या वेळी क्युरेटिंग करावं लागलं. आता डॉक्टरांनी आम्हा दोघांची कॅरिओटाइप तपासणी लिहून दिली आहे. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. ती म्हणते, ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही, तुझं तेवढं बघ.’ नवरा काही बोलत नाही, पण दर शनिवारी त्याला काहीतरी काम निघतं. त्यात लॅबचा माणूस म्हणतो, सुटी तपासणी करण्यापेक्षा पूर्ण पॅकेज घ्या, त्यात टॉर्च, एमटीएचएफआर, थ्रोम्बोफिलिया सगळं येतं. नात्यातल्या लग्नामुळे हे होतंय का? दोष माझ्यात निघाला तर? मग टेस्ट ट्यूब बेबीच करावं लागेल का? मी पतसंस्थेत नोकरी करते. दर वेळी चार दिवसांची रजा टाकली आणि पाचव्या दिवशी काउंटरला बसले. (नाव नको, सांगली जिल्हा)

उत्तर: कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घे. दोघांची, एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये. पॅकेज मात्र घेऊ नकोस.

आधी आत्याबाईंचं बघू. ‘आमच्या घराण्यात’ असं त्या म्हणतात खऱ्या, पण त्यांचं माहेर तेच तुझं माहेर. तुझे वडील त्यांचे सख्खे भाऊ. घराण्याचा विषय काढायचाच तर तो फिरून एकाच उंबऱ्यावर येतो. हे त्यांना तोंडावर ऐकवू नकोस, घरात उगाच धूर व्हायचा. पण तुझ्या मनात पक्कं असू दे. ही तपासणी ज्यासाठी करतात ती गोष्ट नवऱ्याकडे असू शकते, बायकोकडे असू शकते, बहुतेक वेळा दोघांकडेही नसते. ज्याच्याकडे असते तो माणूस धडधाकट असतो, त्याला कधी ताप-खोकल्याइतकाही त्रास झालेला नसतो. त्यामुळे ‘आमच्यात कुणाला काही नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकट्या बाईचं रक्त तपासलं तर निम्मं उत्तर मिळतं आणि उरलेल्या निम्म्याचा ठपका आपोआप तिच्यावर बसतो. अशा एकतर्फी फाइली मी भरपूर पाहिल्या आहेत.

नवऱ्याच्या शनिवारच्या कामांबद्दल एक अंदाज सांगते. पुष्कळ पुरुषांना वाटतं की आपल्याला बंद खोलीत डबी देऊन पाठवणार आणि मग मर्दानगीचा निकाल लागणार. तसं काही नाही. ही वीर्याची तपासणी नाही. दंडाला पट्टा बांधायचा, हाताच्या शिरेतून चार-पाच मिलिलिटर रक्त काढायचं, ते हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) असलेल्या नळीत घालायचं, संपलं. उपाशीपोटी जायला नको, तारखा बघायला नकोत, पाळी चालू असली तरी चालतं. एवढं त्याला साधेपणानं सांगून बघ. तरीही अडला तर डॉक्टरांनाच सांग की पुढच्या भेटीत दोघांना समोर बसवून बोला. बायकोकडून ऐकलं की जे टोचतं, ते टेबलापलीकडून आलं की पुष्कळदा गुमान ऐकलं जातं.

त्या रक्ताचं पुढे काय होतं ते सांगते, म्हणजे रिपोर्टला वेळ का लागतो ते कळेल. रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस लॅबमध्ये वाढवतात. पेशी विभागायला लागल्या की ऐन त्या क्षणी त्यांना थांबवतात, कारण गुणसूत्रं तेव्हाच आखडून नीट दिसतात. मग काचेवर पसरवून, पट्टे उठतील असा रंग देऊन, एकेका पेशीतली ४६ गुणसूत्रं माणूस डोळ्यांनी बघतो, जोड्या लावतो. अशा वीसेक पेशी बघतात. सगळं धरून दोन-तीन आठवडे जातात. पेशी जिवंत हव्यात, म्हणून रक्त त्याच दिवशी नीट रवाना होणं महत्त्वाचं. गावातल्या कलेक्शन सेंटरला द्यायचं असेल तर नमुना कधी निघतो ते विचार. शनिवारी दुपारी दिलेली नळी सोमवारपर्यंत तिथेच पडून राहणार असेल तर सोमवारीच जा. (तुमचे शनिवार वाचले ते वेगळंच.)

शोधतात काय, तर मुख्यतः ट्रान्सलोकेशन, म्हणजे दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसांत अदलाबदल. शेताच्या भाषेत सांगते. दोन गटांतले दोन तुकडे एकमेकांत गेले, पण एकूण क्षेत्र गुंठाभरही कमी-जास्त झालं नाही, तर मालकाचं काही बिघडत नाही. घोळ होतो तो वाटणीच्या वेळी. एखाद्या वारसाला एक तुकडा दोनदा मिळतो आणि दुसरा मिळतच नाही. ज्या गर्भाच्या वाट्याला अशी चुकीची वाटणी येते तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच थांबतो. पण ज्याला दोन्ही तुकडे नीट मिळाले, किंवा आई-वडिलांसारखीच अदलाबदल जशीच्या तशी मिळाली, ते मूल चांगलं जन्मतं. दर वेळी चुकीचीच वाटणी होते असं नाही, हे लक्षात ठेव.

वारंवार गर्भ जाणाऱ्या शंभर जोडप्यांत साधारण तीन ते पाच जोडप्यांमध्ये दोघांपैकी एकाकडे अशी अदलाबदल सापडते. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव ते सत्त्याण्णव जोडप्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. तुमचेही तसेच येण्याची शक्यता मोठी आहे, आणि खरी तयारी त्या नॉर्मल रिपोर्टची करायला हवी. दोष निघाला तर काय याची धास्ती सगळे घेऊन येतात. रिपोर्टवर ४६ एक्सएक्स आणि ४६ एक्सवाय असं सरळ लिहून आलं की मात्र सुटकेऐवजी चेहरा पडतो. मग झालं कशानं?

बहुतेक वेळा कशानं होतं तर योगायोगानं. पहिल्या तिमाहीत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. एखादं गुणसूत्र जास्त, एखादं कमी, कधी पूर्ण एक संचच जादा. ही चूक आई-वडिलांच्या गुणसूत्रांत नसते. ती त्या एका अंड्यात किंवा शुक्राणूत, बहुतेकदा अंड्यात, ते तयार होताना घडते. बाईची अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि अर्ध्या विभागणीवर थांबून वर्षानुवर्षं वाट बघतात, म्हणून वय वाढेल तशी ही चूक वाढते, पस्तिशीनंतर जरा जोरानं. स्कूटी चालवली, पपई खाल्ली, घागर उचलली, ऑफिसात जागरण झालं, यातल्या कशानंही गुणसूत्रं चुकत नाहीत. तू हे विचारलेलं नाहीस, पण ओपीडीत असा प्रश्न न विचारणारी बाई मला अजून भेटायची आहे.

म्हणून खरं उत्तर आई-वडिलांच्या रक्तापेक्षा गेलेल्या गर्भाच्या अंशात जास्त असतं. तो अंश आपल्याकडे हातचा जातो. क्युरेटिंग झालं, जे निघालं ते सवयीनं फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातलं, बायोप्सीला पाठवलं. त्या बायोप्सीत गर्भाचाच अंश होता आणि द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी विकृत वाढ) नव्हता एवढं कळतं. गुणसूत्रांबद्दल चकार शब्द नसतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि मेलेल्या पेशी लॅबमध्ये वाढत नाहीत. तुझ्या तिसऱ्या वेळच्या बायोप्सीचा मेणाचा ठोकळा पॅथॉलॉजी लॅबनं ठेवला असेल. काही जनुकीय लॅब त्यातूनही डीएनए काढून बघतात, पण दर वेळी जमतंच असं नाही. डॉक्टरांना विचारून बघायला हरकत नाही, आशा मात्र बेतानं धर.

देव न करो, पण पुन्हा तशी वेळ आली तर हे पाठ असू दे. अंश सलाइनमध्ये, निर्जंतुक डबीत घ्यायचा. फॉर्मॅलिन नको, बर्फाच्या कप्प्यात गोठवणं नको. फ्रिजच्या साध्या थंडाव्यात ठेवून शक्यतो चोवीस तासांत लॅबला पोचवायचा. त्यावर मायक्रोअ‍ॅरे नावाची, डीएनएवरून गुणसूत्रं बघणारी तपासणी करता येते, तिला जिवंत पेशी लागत नाहीत. सोबत तुझं थोडं रक्तही मागतील. त्याचं कारण असं की अंशात आईच्या पेशी मिसळलेल्या असतात, आणि कधी कधी रिपोर्ट गर्भाचा म्हणून येतो तो प्रत्यक्षात आईचाच असतो. तुलना केली की ते पकडता येतं. हे सगळं क्युरेटिंगच्या टेबलावर आडवं झाल्यावर सुचत नाही. आधीच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला लाव. थिएटरमधल्या सिस्टर ते पान बघतात, मी खात्रीनं सांगते.

या अंशाच्या रिपोर्टवर पुढचं बरंच ठरतं. त्यात संख्येची साधी चूक दिसली तर ती घटना त्या गर्भापुरती होती असं समजायला जागा असते. तुकड्यांची गडबड दिसली तर आई-वडिलांचं कॅरिओटाइप करायलाच हवं. आणि अंश तपासलाच गेला नसेल, जसं तुझं झालं, तरीही आई-वडिलांचं करावं. तुझ्या डॉक्टरांनी लिहून दिलं ते म्हणूनच योग्य आहे.

रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट बघून घाबरशील, म्हणून आत्ताच सांगते. काही रिपोर्टांत ‘इन्व्हर्शन ९’ किंवा ‘९ क्यूएच प्लस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पुढे ‘पॉलिमॉर्फिझम’. हा दोष नव्हे. पुष्कळ निरोगी माणसांत असा फरक असतो आणि त्यानं गर्भ जात नाही. पण रिपोर्ट रात्री मोबाइलवर येतो आणि सकाळपर्यंत इंटरनेटवर वाचून वाचून माणूस अर्धमेला होतो. रिपोर्ट उघडायचा तो दोघांनी, आणि अर्थ विचारायचा तो जनुकतज्ज्ञ किंवा जनुकीय समुपदेशकाला. सांगलीहून पुणं-मुंबई दूर नाही. मुंबईत परळला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्था आहेत, मोठ्या सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत जनुकीय बाह्यरुग्ण विभाग असतात. पुष्कळ ठिकाणी हे समुपदेशन व्हिडिओ कॉलवरही होतं, आधी विचारून घे.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न तू विचारलास ते बरं केलंस. आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्यामुळे गावात त्याबद्दल एकतर ‘काही होत नाही’ म्हणणारे असतात नाहीतर ‘म्हणूनच झालं’ म्हणणारे. खरं काय, तर सख्ख्या आते-मामे भावंडांत जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सामाईक असतो. त्यामुळे एकाच आजाराची लपलेली जनुकं दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. सामान्य जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता शंभरात दोन-तीन धरली तर तुमच्यासारख्यांत ती साधारण दुपटीच्या आसपास जाते. तरीही नव्वदहून अधिक मुलं चांगलीच होतात. मात्र हा धोका जन्मणाऱ्या मुलाच्या आजाराचा. सात-आठ आठवड्यांत ठोके न येण्याचं खापर नात्यावर फोडायला तसा भक्कम पुरावा नाही.

इथे एक गल्लत होते ती टाळ. कॅरिओटाइप नॉर्मल आलं म्हणजे थॅलेसेमिया, सिकलसेल वगैरे रक्ताच्या आनुवंशिक आजारांची चिंता मिटली असं नव्हे. गुणसूत्रं मोजताना एकेका जनुकातला बिघाड दिसत नाही. तुम्ही नात्यातले आहात, तेव्हा या आजारांचं लपलेलं जनुक आहे का ते बघायला दोघांची हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची रक्ततपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे, एकदाच करायची आहे. आजोळी, माहेरी किंवा आत्याकडे कुणाची लहानपणी गेलेली मुलं, मतिमंद मुलं, वारंवार गर्भ गेलेल्या बायका आहेत का, तेही लिहून काढ. तीन पिढ्यांचा असा वंशवृक्ष तज्ज्ञ सगळ्यात आधी मागतात. आणि यासाठी आत्याबाईंइतकी माहितगार दुसरी कुणी नाही! त्यांना विचारायला बसव. त्यांच्याच माहेरची माहिती त्यांना सांगायची आहे म्हटल्यावर कदाचित त्यांचा सूरही बदलेल.

आता ते पॅकेज. टॉर्च, म्हणजे रुबेला वगैरे काही संसर्गांची तपासणी, आपल्याकडे वर्षानुवर्षं लिहिली जाते, पण वारंवार गर्भ जाण्याचं कारण शोधायला तिचा उपयोग होत नाही. एमटीएचएफआर या जनुकातला बदल इतक्या लोकांत सापडतो की तो सापडून उपचारात फरक पडत नाही. आनुवंशिक थ्रोम्बोफिलियाची, म्हणजे रक्तात गुठळ्या सहज होण्याच्या कलाची तपासणी स्वतःला किंवा जवळच्या नात्यात शिरेत गुठळी झाल्याचा इतिहास असेल तरच विचारात घेतात. कुठलीही तपासणी करण्यापूर्वी एकच विचार: रिपोर्ट असा आला तर काय वेगळं करणार, आणि तसा आला तर काय? दोन्हीचं उत्तर सारखंच असेल तर ते पैसे बँकेत राहू देत.

जे करायलाच हवं ते पॅकेजात बहुधा अर्धवट असतं. रक्तात गुठळ्या करू पाहणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी यात सर्वांत महत्त्वाची, कारण या आजाराला अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा उपचार आहे आणि त्यानं गर्भ टिकतात. त्यात तीन चाचण्या असतात, आणि पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असतील तर ते लॅबला सांगायचं. त्याबरोबर थायरॉइड, साखर, आणि पिशवीची त्रिमितीय सोनोग्राफी. पिशवीत पडदा असेल तर तो त्यात दिसतो. एवढं सगळं करूनही जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही.

समजा, दोघांपैकी एकाकडे ट्रान्सलोकेशन निघालंच. ‘दोष’ हा शब्द घरात येऊ देऊ नका. तो कुणी केलेला नसतो, जन्मतःच आलेला असतो, आणि उद्या आत्याबाईंच्या मुलाकडे निघाला म्हणून तू तरी त्याला काय म्हणणार आहेस? रिपोर्ट तुमच्या दोघांचा आहे. तो चावडीवर वाचायला कुणी बांधील नाही. मात्र ज्याच्याकडे निघेल त्याच्या सख्ख्या भावंडांना कधीतरी शांतपणे सांगावं लागेल, कारण त्यांच्याकडेही ते असू शकतं. ते कसं सांगायचं यासाठी समुपदेशकाची मदत घ्या.

टेस्ट ट्यूब बेबीच करावं लागेल असं नाही. ट्रान्सलोकेशन असलेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांना पुढे नैसर्गिक दिवस राहूनच चांगलं मूल होतं. वाटेत आणखी एखादा गर्भ जाण्याची शक्यता मात्र असते. दुसरी वाट म्हणजे आयव्हीएफ करून गर्भ पिशवीत सोडण्यापूर्वी तपासणं. त्यानं गर्भपात कमी होतात, पण मूल होण्याची एकूण शक्यता नैसर्गिक वाटेपेक्षा नक्की जास्त होते असं दिसलेलं नाही, आणि खर्च लाखांत. वय ३१ आहे, दिवस सहज राहतात, तर घाईनं कर्ज काढून तिकडे धावू नका. वय चाळिशीकडे असतं किंवा दिवसच राहत नसते तर मी वेगळं बोलले असते. एका क्वचित प्रकारात, जिथे एकाच क्रमांकाची दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असतात, तिथे नैसर्गिक वाट जवळपास बंद असते. तसं असेल तर तज्ज्ञ पहिल्याच भेटीत सांगतात.

नैसर्गिक दिवस राहिले आणि ट्रान्सलोकेशन असेल, तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश किंवा पंधराव्यानंतर गर्भजल घेऊन तपासता येतं. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात अशा तपासणीसाठी जी कारणं दिली आहेत त्यात दोन किंवा अधिक वेळा आपोआप गर्भपात झालेला असणं हेही एक आहे. केंद्र नोंदणीकृत हवं, संमतीच्या फॉर्मवर सही तुझी, आणि लिंग कुणी सांगणार नाही, विचारायचंही नाही.

रिपोर्ट नॉर्मल आले आणि बाकी काही सापडलं नाही, तर तुझ्या वयाला पुढचं बाळंतपण सुखरूप होण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त असते, शंभरातल्या साठ-सत्तर जणींचं होतं. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेव. नवऱ्याची तंबाखू-दारू असेल तर ती बंद. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, मग दर दोन आठवड्यांनी भेट. सुरुवातीला रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा. आधी गर्भ गेलेल्या बाईला अशा वेळी प्रोजेस्टेरॉननं थोडा फायदा झालेला दिसतो, ते द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. खाटेला खिळून पडल्यानं गर्भ टिकत नाही, त्यामुळे तशी सक्ती कुणी केली तर नको म्हण.

आणि ती चार दिवसांची रजा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की ती मागता येते. डॉक्टरांचा दाखला लागतो. गर्भपाताचं नाव ऑफिसात घ्यावं लागेल म्हणून बायका ती मागत नाहीत आणि पाचव्या दिवशी काउंटरला बसतात. आधीच्या तीन वेळांचे दाखले डॉक्टरांकडून घेऊन फाइलला लावून ठेव, तारखांसकट. समुपदेशकालाही ते लागतील: कितव्या आठवड्यात गेलं, ठोके आले होते का, क्युरेटिंग की गोळ्या. रिपोर्ट आले आणि त्यातली एखादी ओळ कळली नाही, तर नावं खोडून ती ओळ मला लिहून पाठव.